वधूवरपक्षांसाठी छायाचित्रकार-संशोधन

स्थळ पाहायला जाताना आपण मुलाचे शिक्षण, पगार, मूळ गाव, नाडी, गण आणि इमारतीला लिफ्ट आहे की नाही, एवढे सगळे पाहतो. फोटोग्राफर ठरवताना मात्र 'साडूंच्या मुलीच्या लग्नातला बरा होता' एवढ्या चौकशीवर अॅडव्हान्स देऊन मोकळे होतो. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून पाठवणीपर्यंत वधूने कुठे पाहायचे, किती हसायचे आणि हात कुणाच्या खांद्यावर ठेवायचा, हे नवरा ठरवत नाही, भटजी ठरवत नाहीत, आईवडील तर मुळीच नाहीत. ज्याच्या हाती हे सारे असते त्याची पत्रिका कुणी पाहिलेली नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शिका सादर करीत आहोत.

शोधाला सुरुवात कधी करावी? बरीच घरे साखरपुड्यानंतर करतात. तोवर उशीर झालेला असतो. पंचांगातल्या चांगल्या तारखा मोजक्या, त्यामुळे तुळशीची लग्ने आटोपली की निम्मे पुणे आणि सगळे नाशिक एकाच दिवशी बोहल्यावर चढते, आणि ज्या फोटोग्राफरचे नाव तुमच्या कानावर आले आहे ते त्या सर्वांच्याच कानावर आलेले असते. तो कुणालाही नाही म्हणत नाही. या धंद्यात लग्नाला 'ऑर्डर' म्हणतात, आणि आलेली ऑर्डर परत पाठवणे हा लक्ष्मीचा अपमान समजतात. म्हणून पहिला प्रश्न हाच: "आमच्याकडे तुम्ही स्वतः येणार का?" उत्तर "आपली टीम असते सर" असे आले, तर खुर्ची पुढे ओढून टीममधल्या माणसाची चौकशी सुरू करावी. गेल्या वर्षी तो याच साहेबांच्या फ्लॅशची छत्री धरून उभा राहत होता असे निघाले तर घाबरू नये. छत्री धरणाऱ्याला उजेड कळतो. गेल्या वर्षी तो आणखी कशात तरी होता आणि पुढच्या वर्षी आणखी कशात तरी जाणार आहे असे दिसले, तर चहा पिऊन निघावे. ज्यांना अमुकच फोटोग्राफर हवा असेल त्यांनी चातुर्मासातला काढीव मुहूर्त धरावा. तेव्हा तो स्वतः येतो, भावही उतरवतो, आणि पाऊस पडला म्हणून 'सिनेमॅटिक'चे वेगळे पैसे लावत नाही. अजून तरी.

पहिल्या भेटीत सॅम्पल अल्बम समोर येतो: 12 बाय 36 इंचांचा, करिझ्मा, गुबगुबीत कव्हरचा, स्वतंत्र पेटीतला. त्याची पाने उलटवताना वधूवरपक्षाचा चेहरा मऊ होऊ लागतो, आणि नेमके तेव्हाच सावध व्हावे. बघायला आलेल्यांपुढे मावशीने केलेले कांदेपोहे मुलीच्या नावावर खपवण्याची जी आपली जुनी चाल आहे, त्याच जातीचा हा प्रकार आहे. दहा लग्नांतले चाळीस उत्तम फोटो एकत्र बांधले की कुणीही थोर दिसतो. तेव्हा अल्बम आदराने मिटवून म्हणावे, "एका लग्नाचे, पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो दाखवा." या वाक्यानंतर जो "सर्व्हर बंद आहे" म्हणतो तो बाद. जो लॅपटॉप उघडतो त्याच्याकडे एक तास बसावे.

त्या तासात नवरीकडे पाहू नये. 85 एमएमची लेन्स लावून डायाफ्राम पूर्ण उघडला की पाठीमागचा मंडप विरघळतो आणि कुठलीही नवरी देखणी दिसते. त्यात फोटोग्राफरचे कर्तृत्व थोडे आणि दुकानदाराचे जास्त. आपण पाहायचे ते दुपारी तीनचे फोटो. जेवणे झाली आहेत, आत्या पंख्याखाली पेंगते आहे, दोन काका प्लास्टिकच्या खुर्च्या जवळ ओढून कुणाच्या तरी जमिनीच्या वाटणीबद्दल बोलत आहेत, करवली चप्पल शोधते आहे. हे फोटो आहेत का? की त्या तासाला फोटोग्राफर नवराबायकोला घेऊन कार्यालयाच्या मागच्या भिंतीपाशी गेला होता? ज्या आजी पहिल्या फोटोत दिसल्या त्या पुन्हा कुठे दिसतात का, हेही पाहावे. दिवसभरात त्या एकदाच दिसत असतील, आणि तेही स्टेजवर आशीर्वादाला नेऊन उभ्या केलेल्या, तर या माणसाला लग्नाला कोण कोण आले होते ते कळलेले नाही.

चेहऱ्यांची त्वचाही तपासावी. "आपण सगळ्यांना क्लीन करून देतो" असे तो अभिमानाने सांगेल. क्लीन म्हणजे सुरकुत्या जातात, मस जातो, आणि घरातल्या सगळ्या बायका एकाच पांढुरक्या रंगाच्या होतात. कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण 'डाग' म्हणून पुसलेल्या आज्या ज्या अल्बमांत आहेत, त्यांची संख्या या राज्यात कमी नसावी. आजीने ते गोंदण सुईने टोचून घेतले होते. ते काढायला संगणकावरच्या मुलाला दोन सेकंद लागतात. गव्हाळ मुलीला गोरी करून देणाऱ्या फोटोग्राफरला तर दारातूनच नमस्कार करावा. तिचा रंग मुलाकडच्यांनी पाहिलेला आहे, आणि त्यांनी होकारही दिलेला आहे.

इथे थोडा इतिहास सांगितल्याखेरीज शास्त्र पुरे होत नाही. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा प्रचारात येत असलेली पद्धत अशी होती की, काचेवर रसायन ओतायचे, ती काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. समोरच्याने हलायचे नाही. 'परत एकदा' म्हणायचे तर काचेपासून सुरुवात. पुढे रोल आले. चौकोनी फोटो देणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात एका रोलवर 12 फोटो, छोट्या कॅमेऱ्यात 36, आणि हात सफाईदार असेल तर वर एखाददुसरा. त्यामुळे गावातल्या स्टुडिओचा मालक लग्नात कंजुषासारखा फिरे. मंगलाष्टका संपेपर्यंत बोट आवरून धरी. नवऱ्याचे मित्र, वरातीतली पोरे आणि फोटोसाठी दर दहा मिनिटांनी जाकीट सरळ करणारे एक काका यांच्यासाठी त्याच्याकडे एक धर्म्य उपाय होता: रोल न सरकवता नुसता फ्लॅश मारायचा. काका कृतार्थ होत. अल्बम आल्यावर ते स्वतःला शोधत बसत आणि शेवटी "तो धुताना खराब झाला" या उत्तरावर समाधान मानत.

आता मेमरी कार्ड आल्यापासून काटकसर संपली आहे, आणि तिच्याबरोबर एक कौशल्यही गेले आहे: वाट पाहण्याचे. आजचा फोटोग्राफर क्षणाची वाट पाहत नाही, तो क्षण पुन्हा करून घेतो. या मार्गदर्शिकेचा गाभा हाच आहे आणि निवडीचे मुख्य मापही हेच. उमेदवार 'परत एकदा' किती वेळा म्हणतो ते मोजावे. त्यासाठी त्याच्या एखाद्या चालू ऑर्डरला, आमंत्रण नसले तरी, जाऊन बसावे. आपल्याकडे कार्यालयाच्या दारात पत्रिका तपासत नाहीत. फार तर जेवूनच जा म्हणतात.

पहिला हार घालताना नवऱ्याला मित्रांनी उचलले, वधूचा नेम चुकला, हार एका कानात अडकला, सगळे हसले. हा फोटो. "हार काढा सर, परत एकदा, मॅडम इकडे बघून" इथून पुढचे सगळे नाटक. अंतरपाट खाली येतो तेव्हाही तेच. तो कापडाचा तुकडा सरकतो, अक्षता पडतात, दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि एकदा पाहिलेले पुन्हा पहिल्यांदा पाहता येत नाही. पण आम्ही अंतरपाट पुन्हा धरलेला पाहिला आहे. गुरुजींनीही तो निमूटपणे धरला होता. त्यांना पुढच्या लग्नाला जायचे होते.

सप्तपदीच्या बाबतीत प्रश्न गंभीर होतो, कारण तिथे कायदा येतो. हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 7: विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. आता सातव्या पावलाला कुणाचा तरी मुलगा मध्ये आला आणि फोटोग्राफर म्हणाला, "पाचव्यापासून परत घ्या." वधूवर दोन पावले मागे आले. त्या अवधीत ते विवाहित आहेत की नाहीत? दुसऱ्यांदा सातवे पाऊल टाकले तेव्हा हा दुसरा विवाह झाला काय, आणि पहिली पत्नी हयात असताना तो वैध ठरेल काय? विधिज्ञांनी यावर प्रकाश टाकावा. 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने हिंदू विवाह म्हणजे नुसते नाचगाणे आणि खाणेपिणे नव्हे, आवश्यक ते विधी व्हायलाच हवेत, असे बजावले आहे. म्हणजे उद्या वाद उद्भवला तर सात पावलांचा फोटो कामाला येईल. बहुतेक अल्बमांत तो नसतो. त्या वेळी एक फोटोग्राफर चपलांचा आणि अंगठ्यांचा कलात्मक फोटो घेत असतो, दुसरा जेवायला गेलेला असतो.

म्हणून तोंडी परीक्षा घ्यावी. प्रश्न सोपे असावेत. कानपिळी कधी होते? लाजाहोमाच्या सुमारास वधूचा भाऊ येतो, नवऱ्याचा कान पिळतो, आणि पाकीट किंवा कापड घेऊन निघून जातो. दोन सेकंदांचा कारभार. हे ज्याला माहीत नाही तो तेव्हा लेन्स बदलत असतो. सूनमुख कसे पाहतात? सासू आरशात सुनेचा चेहरा पाहते. इथे जाणकाराची खरी पारख होते, कारण आरशासमोर कुठे उभे राहायचे हे न कळणाऱ्याच्या फोटोत सासू मोठ्या कौतुकाने दाढीवाल्या फोटोग्राफरचे मुख पाहताना दिसते. झाल, ऐरणीदान, गौरीहर पुजताना एकटी बसलेली मुलगी, रुखवतातली सुपारीची भटजी-भटजीणबाई: यांपैकी निम्म्या गोष्टी ज्याला न विचारता ठाऊक आहेत तो पास. मुलगी दुसऱ्या प्रांतातली असेल तर त्यांच्या विधींची यादी आपणच लिहून द्यावी, आणि यादी करताना आपल्याला आपलेच विधी नीट क्रमाने येत नाहीत हे कळले तर ते बाहेर बोलू नये.

आता उजेड. ज्योतिषांना दुपारचा अभिजित मुहूर्त फार प्रिय. फोटोग्राफरच्या शास्त्रात मध्यान्हीसारखी अशुभ वेळ नाही. उघड्या लॉनवर सूर्य डोक्यावर असताना डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात आणि मुंडावळ्यांची सावली गालावर पडून नवरा जखमी वाटतो. या दोन शास्त्रांमध्ये अद्याप कुणी मध्यस्थी केलेली नाही. फोटोग्राफरला गोरज मुहूर्त आवडतो, पण तो उजेड काही मिनिटांचा, आणि त्या मिनिटांत आपल्याकडे नवऱ्याचे मामा अजून ट्रॅफिकमध्ये असतात. कार्यालयाच्या आत वेगळी आपत्ती: स्टेजवर जांभळा दिवा, खाली ट्यूबलाइट, दारातून ऊन, आणि मागे लुकलुकणारी एलईडी वॉल. आपली वीज 50 हर्ट्झची. साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटरला दिसते, आणि नवरीच्या शालूवर न विणलेले पट्टे उमटतात. उमेदवाराला यावर उपाय विचारावा. "आधी येऊन दिवे बघून जातो" हे उत्तर पुरेसे आहे. "नंतर एडिटमध्ये होतं" या उत्तरावर मुलाखत संपवावी. हळदीच्या दिवशी ही परीक्षा आपोआप होते: पिवळे पडदे, पिवळे झेंडू, पिवळा उजेड, पिवळे कपडे. अशा फोटोत हळद लागलेली नेमकी कुणाला हे ज्याच्या कामात ओळखू येते, तो हातचा सोडू नये.

कॅन्डिड आणि ट्रॅडिशनल असे दोन फोटोग्राफर घ्यायची पद्धत आहे. ट्रॅडिशनलवाला स्टेजच्या मधोमध उभा राहून पाहुण्यांच्या रांगा लावतो. त्याला सगळे नावे ठेवतात, पण अल्बम आल्यावर गावाकडचे लोक फक्त त्याचेच फोटो पाहतात, कारण त्यांत ते असतात. कॅन्डिडवाला जास्त पैसे घेतो. तो सांगतो, "ताई, तुम्ही सहज आरशात बघा. आई, तुम्ही मागून या आणि एकदम भरून आलं असं करा. नाही, डोळे पुसू नका अजून. परत एकदा." पाठवणीच्या वेळी मात्र त्या आईला खरोखर भरून येते. तेव्हा ज्याचा कॅमेरा दूर, कोपऱ्यात, गप्प असेल, त्याला दुप्पट पैसे द्यायलाही हरकत नाही.

प्री-वेडिंगबद्दल फार लिहीत नाही. कास पठारावर सप्टेंबरात फुले येतात, ती जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहेत, आणि त्यांच्यावर आडवे पडून प्रेम व्यक्त करण्याची सोय वन खात्याने केलेली नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ. ड्रोनबद्दलही थोडक्यात. 2021 च्या नियमांप्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, धंद्यासाठी उडवायच्या त्याहून जडाचे तसे नाही. वजन कितीही असो, मंगलाष्टकांच्या वेळी तो डोक्यावर घोंगावू लागला की गुरुजींचा आणि त्याचा सूर जुळत नाही, आणि अक्षता वधूवरांवर न पडता करवलीच्या डोळ्यांत जातात.

कागदपत्रे. बोलणी तोंडी ठेवू नयेत. किती माणसे येणार, किती वाजता, अल्बम किती शीटचा, फोटो किती दिवसांत, हे लिहून घ्यावे. कॅमेऱ्यात दोन कार्डे एकाच वेळी भरतात ना, हा प्रश्न अवश्य विचारावा. एक कार्ड बिघडले की लग्न पुन्हा लावता येत नाही, आणि तसे लावायला नवरा एखादवेळी तयार होईल, कार्यालय मिळणार नाही. लग्न झाले की मूळ डेटा आपल्या हार्ड डिस्कवर घ्यावा, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी, म्हणजे दोन्ही व्याह्यांना एकमेकांकडे जाण्याचे कारण उरते. पक्के बिल हवे असेल तर 18 टक्के जीएसटी लागतो, हे फोटोग्राफर अशा करुण स्वरात सांगतो की, आपणच तो कर बसवला असे वाटावे. आणखी एक: स्वामित्व हक्क कायदा, 1957, कलम 17 प्रमाणे पैसे देऊन फोटो काढून घेणारा हा त्या फोटोंचा पहिला मालक असतो, वेगळा करार नसेल तर. फोटोग्राफरच्या छापील कागदावर बारीक अक्षरात तो वेगळा करार असतो. तुमच्या मुलीचा फोटो त्याच्या जाहिरातीत आणि रस्त्यावरच्या फलकावर झळकलेला चालणार आहे का, ते सही करण्याआधी मुलीला विचारावे. तिला चालतही असेल.

जेवणाचा मुद्दा किरकोळ समजू नये. आपल्याकडे फोटोग्राफर शेवटच्या पंगतीला बसतो, तेव्हा मठ्ठा संपलेला असतो आणि जिलेबीच्या ताटात पाक उरलेला असतो. उपाशी माणसाच्या हाताला थरथर असते आणि त्याच्या नजरेत विहीणपंगतीबद्दल आकस. त्याला आणि त्याच्या पोरांना पहिल्या पंगतीला, घरातल्या कुणीतरी आग्रह करून बसवावे. एवढे केले की तो दुपारी तीनलाही कॅमेरा खाली ठेवत नाही.

शेवटचा हप्ता कधी द्यावा, यावर दोन पक्ष आहेत. आपण म्हणतो अल्बम हातात आल्यावर. तो म्हणतो हप्ता आल्यावर अल्बम. अल्बमसाठी फोटो निवडून आपण द्यायचे असतात आणि हजारो फोटोंमधून तीनशे निवडताना दोन्ही घरांत मतभेद होतात, त्यामुळे ते काम महिनोन् महिने पडून राहते, हे तो सांगतो आणि ते खरे असते. असा पेच पडला तर पोलिसात किंवा ग्राहक आयोगाकडे धावण्याआधी लग्न जुळवणाऱ्या मामांना मध्यस्थ म्हणून पाठवावे. ते भाडे न घेता जातील, दुपारभर स्टुडिओत बसतील आणि सगळे फोटो स्वतः निवडून आणतील. त्यांतल्या दीडशेंत मामाच असतील. ते तसेच छापू द्यावेत.